जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफाय गेलं? आधी चिप बघा

नेरूळहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात २००९ च्या आसपासचा डेल इन्स्पिरॉन पडून होता. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर घेतल्यावर वायफाय लगेच चाललं, पण पुढच्या अपडेटनंतर वायफायचं चिन्हच गायब झालं. मग इंटरनेटवर सापडतील त्या कमांड मारून झाल्या. आता कधी चालतं, कधी नाही. त्यात नवा फायबर राउटर आल्यापासून मोबाइलला दिसणारं घरचं नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नाही. जवळचा दुकानदार म्हणतो, लिनक्सवर वायफाय चालत नसतं, विंडोज टाका. मुलीला अभ्यासाचे व्हिडिओ बघता यावेत, एवढीच अपेक्षा आहे.

दुकानदाराचं सोडा. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि तुम्ही दोघांना एकच समजून औषध देताय. एक लॅपटॉपच्या आत आहे, दुसरा राउटरमध्ये. आतला आधी सोडवू, कारण तो पक्का झाल्याशिवाय बाहेरच्याचं निदान करता येत नाही.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे लॅपटॉपला दुसऱ्या वाटेने इंटरनेट देणं. राउटर हॉलमध्ये, लॅपटॉप आतल्या खोलीत, लॅन केबल घरात नाही, हे बहुतेक घरांत असतंच. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमधलं यूएसबी टेदरिंग सुरू करा. मिंट त्याला वायर्ड नेटवर्क समजून आपोआप जोडून घेतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मोबाइल घरच्या वायफायवर असेल तर तेच इंटरनेट वायरमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. टेदरिंगचा पर्याय फिका दिसत असेल तर वायर बदलून बघा; स्वस्त वायरींमधून नुसती वीज जाते, डेटा जात नाही.

आता चिप. लॅपटॉपची कंपनी आणि मॉडेल यावरून वायफायचं काहीच ठरत नाही. एकाच मॉडेलमध्ये, एकाच वर्षात, कंपनी तीन वेगवेगळ्या चिपची कार्डं बसवते. म्हणून ‘अमुक मॉडेलवर लिनक्सचं वायफाय कसं चालवायचं’ असं शोधून सापडलेला उपाय दुसऱ्याच कार्डाचा असू शकतो. खरी ओळख म्हणजे एलएसपीसीआय -एनएनके या कमांडच्या आउटपुटमध्ये चौकटी कंसात येणारे चार आणि चार आकडे. तुम्ही ते आउटपुट पाठवलंत हे फार बरं केलंत: ब्रॉडकॉम बीसीएम४३१२, आयडी १४ई४:४३१५. पहिले चार कंपनीचे, दुसरे चार चिपचे. डेलच्या त्या काळातल्या वायरलेस १३९७ नावाच्या कार्डावर हीच चिप असते. यूएसबी डोंगल असेल तर हाच आकडा एलएसयूएसबी देतं.

त्याच आउटपुटमध्ये खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. तुमच्याकडे ती एकदा ‘डब्ल्यूएल’ दाखवते आणि दुसऱ्यांदा ‘बी४३-पीसीआय-ब्रिज’. तुमच्या ‘कधी चालतं, कधी नाही’चं उत्तर या ओळीतच आहे. एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर हक्क सांगतायत आणि ज्या दिवशी जो आधी पोहोचेल त्याचं राज्य.

हे दोन ड्रायव्हर मुळातूनच वेगळे आहेत. डब्ल्यूएल हा ब्रॉडकॉमचा स्वतःचा, अर्धा बंद ड्रायव्हर. त्याची शेवटची आवृत्ती ६.३०.२२३.२७१ ही २०१५ ची. त्यानंतर कंपनीने नवी काढलेली नाही. मधल्या काळात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठल्या कुठे गेलं. मिंट, उबुंटू, डेबियन या लिनक्सच्या प्रकारांची मंडळी त्याला ठिगळं लावून चालवत ठेवतात. हा ड्रायव्हर कर्नलचा भाग नाही, त्यामुळे प्रत्येक कर्नल अपडेटला तो तुमच्या मशीनवर नव्याने बांधावा लागतो, अंगाचं माप बदललं की सदरा पुन्हा शिवावा तसा. डीकेएमएस नावाची यंत्रणा हे काम गुपचूप करते. पण नव्या कर्नलचे हेडर्स, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या फाइली, मशीनवर नसतील, किंवा नव्या कर्नलसाठीचं ठिगळ अजून आलेलं नसेल, तर बांधणी फसते. अपडेट मात्र व्यवस्थित पूर्ण होतो. लॅपटॉप बंद करून चालू केला की वायफाय नाही. तुमचं हेच झालं.

खात्री करायची असेल तर चालू करताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचं कर्नल निवडा. जुन्या कर्नलवर वायफाय परत आलं तर निदान पक्कं. मेनू दिसतच नसेल तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून धरावं लागतं.

बी४३ हा दुसरा ड्रायव्हर कर्नलच्या आतच आहे. स्वयंसेवकांनी चिपच्या वागण्याचा अभ्यास करून, उलटं शोधून काढत तो लिहिला. कर्नल बदललं की तोही सोबतच बदलतो, पुन्हा बांधायची भानगड नाही. त्याची अडचण वेगळी: चिपच्या पोटात चालणारं फर्मवेअर लागतं, आणि ते वाटण्याची परवानगी ब्रॉडकॉमने दिलेली नाही. त्यामुळे लिनक्सच्या बहुतेक डिस्कवर ते मिळत नाही. फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर हे पॅकेज तेवढ्यासाठीच आहे; ते ब्रॉडकॉमचा जुना ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घेतं, त्यातून फर्मवेअर कापून काढतं आणि /लिब/फर्मवेअर/बी४३ या फोल्डरमध्ये ठेवतं. डेबियन १२ पासून बाकीच्या बऱ्याच चिपची फर्मवेअर इन्स्टॉलेशनच्या डिस्कवरच येऊ लागली, पण बी४३ ची त्यातही नाहीत, कारण हाच परवान्याचा प्रश्न.

तुमच्या चिपसाठी माझं मत स्पष्ट आहे: बी४३ घ्या. डब्ल्यूएलवर काही मशीनांत सिग्नल किंचित बरा वाटतो, हे खरं. पण घरी कुणी संगणकवाला नसताना दर कर्नल अपडेटला धाकधूक ठेवणारा ड्रायव्हर शाळकरी मुलीच्या लॅपटॉपवर मी ठेवणार नाही.

करायचं असं. मोबाइलचं टेदरिंग चालू ठेवून आधी जुनं साफ करा: सुडो एपीटी पर्ज बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स. कुठल्याशा लेखातून ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस हेही टाकलं असेल तर तेही पर्ज. मग सुडो एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर. हे चालू असताना इंटरनेट तुटलं तर पॅकेज बसल्यासारखं दिसतं आणि फोल्डर मात्र रिकामा राहतो; म्हणून संपल्यावर /लिब/फर्मवेअर/बी४३ उघडून आत फाइली आल्यात का ते डोळ्यांनी बघा. नसतील तर तेच पॅकेज --रीइन्स्टॉल लावून पुन्हा.

यानंतर लगेच मशीन बंद-चालू करू नका. /ईटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये डोकवा. तुम्ही जेवढ्या कमांड मारल्यात त्यातल्या निम्म्यांचा कचरा इथे साठला असणार. डब्ल्यूएलच्या बाजूचे लेख बी४३ आणि त्याचे जोडीदार एसएसबी, बीसीएमए यांना ‘ब्लॅकलिस्ट’, म्हणजे सुरू होण्यास बंदी, करायला सांगतात. बी४३ च्या बाजूचे लेख डब्ल्यूएलला. दोन्ही पाळले की दोन्ही ड्रायव्हर बंद. ग्रेप -आर बी४३ /ईटीसी/मॉडप्रोब.डी असं दिलं की कुठल्या फाइलमध्ये कुठली ओळ आहे ते कळेल. ‘ब्लॅकलिस्ट बी४३’ आणि ‘ब्लॅकलिस्ट एसएसबी’ या ओळी दिसल्या तर त्यांच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. पुसू नका, काय केलं होतं ते नंतर वाचता येतं. एनडिसरॅपर नावाचं काही बसवलं असेल तर तेही काढा. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवायचा तो जुना जुगाड होता, आता त्याचा उपयोग नाही. तो सुचवणारा लेख दिसला की तारीख बघा.

मग रीस्टार्ट, आणि पहिली कमांड: सुडो डीमेसेज (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी), त्यातून फक्त बी४३ च्या ओळी वेगळ्या काढून. इथे कर्नल तुमच्याशी बोलतं, आणि नवशिके नेमकं इथेच बघत नाहीत. ‘बी४३-फाय० एरर: फर्मवेअर फाइल बी४३/यूकोड१५.एफडब्ल्यू नॉट फाउंड’ अशी ओळ दिसली तर समजायचं की ड्रायव्हर चिपपर्यंत पोहोचला, फर्मवेअर मात्र सापडलं नाही. यूकोड१५ ही तुमच्याच चिपच्या जातीची फाइल. दुसऱ्या चिपवर शब्द बदलतात, पण ओळीच्या शेवटी ‘फेल्ड विथ एरर -२’ असं आलं तर अर्थ तोच: फाइल नाही. एवढी एक ओळ वाचता आली की दहा लेख वाचायची गरज राहत नाही. आणि एक लक्षात ठेवा, फर्मवेअर नसतानाही एलएसपीसीआयमध्ये ‘बी४३-पीसीआय-ब्रिज’ दिसतंच. त्यावरून सगळं ठीक आहे असं समजू नका.

तुमच्या लॅपटॉपला सिक्युअर बूटची (सही नसलेले ड्रायव्हर अडवणाऱ्या सोयीची) भानगड नाही, तो काळ त्याच्या आधीचा. पण २०१२ नंतरच्या, विंडोज ८ सोबत आलेल्या मशीनवर डब्ल्यूएलसारखा बाहेरचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो आणि रीस्टार्टला निळा पडदा येतो. लोक घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि ड्रायव्हर कायमचा बाहेर राहतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो.

इतर वाचकांसाठी बाकीच्या चिपबद्दल थोडं. एथेरॉसचं कार्ड असेल तर तुम्ही नशीबवान. एआर९२८५, एआर९४८५ सारखी कार्डं एथ९के ड्रायव्हरवर बाहेरच्या फर्मवेअरशिवाय चालतात. इंटेलही सहसा त्रास देत नाही, फर्मवेअरचं पॅकेज बसवलेलं असलं म्हणजे झालं. ब्रॉडकॉममध्येच ४३१३ असेल, आयडी १४ई४:४७२७, तर कर्नलमधला बीआरसीएमएसमॅक पुरतो. तो ब्रॉडकॉमने २०१० मध्ये खुला केला. ४३१४२ असेल, १४ई४:४३६५, तर मात्र डब्ल्यूएलला पर्याय नाही, आणि वर सांगितलेली सगळी धाकधूक गळ्यात घ्यावी लागते.

रिअलटेकचा एक किस्सा मात्र सांगण्यासारखा आहे, कारण तो हमखास चुकीचा ओळखला जातो. २०१४-१६ च्या सुमाराच्या अनेक एचपी लॅपटॉपमध्ये आरटीएल८७२३बीई हे कार्ड असतं. कार्डावर अँटेनाच्या दोन जागा, पण लॅपटॉपमध्ये वायर एकच जोडलेली. ड्रायव्हरने चुकीची जागा धरली की राउटरच्या शेजारी बसूनही सिग्नलची एकच दांडी. नेटवर्क दिसतं, पासवर्डही घेतला जातो, दुसऱ्या खोलीत गेलं की सगळं संपलं. लोक राउटर बदलतात, एक्स्टेंडर आणतात. उपाय एका ओळीचा: /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये नवी फाइल करून तीत ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’ लिहायचं आणि रीस्टार्ट. २ ने फरक पडला नाही तर १. ठाण्यात माझ्याकडे ‘लिनक्सवर रेंज येत नाही’ म्हणून जे एचपी येतात, त्यांत मी हे पहिलं बघतो.

ड्रायव्हर बसला, फर्मवेअर आलं, तरी नेटवर्कची यादी रिकामी असेल तर आरएफकिल लिस्ट द्या. त्यात वायरलेस लॅनसमोर दोन ओळी येतात: सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. सॉफ्ट ‘येस’ असेल तर सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय, काम झालं. हार्ड ‘येस’ला कुठलीच कमांड लागू पडत नाही, कारण तो खरा स्विच आहे. जुन्या थिंकपॅडच्या पुढच्या कडेला, हाताखाली, एक छोटी सरकपट्टी असते. काही डेलमध्ये ती उजव्या बाजूला असते. लॅपटॉप सॅकमध्ये घालताना-काढताना ती सरकते आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. पट्टी नसेल तर फंक्शनच्या ओळीत अँटेनाचं चित्र असलेली कळ, आणि तीही नसेल तर बायोसमध्ये वायरलेस चालू आहे का ते.

कधी कधी स्विचच नसलेल्या लॅपटॉपवर कर्नल ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ म्हणत राहतं. लेनोवो आयडियापॅड आणि काही एसर मशीनांवर हे दिसतं. तिथे आयडियापॅड_लॅपटॉप किंवा एसर-डब्ल्यूएमआय हे मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलं की खोटा अडथळा निघतो. बदल्यात एखाददुसरी फंक्शन कळ चालेनाशी होऊ शकते. स्विच मोडकाच असेल तर मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डाच्या २० नंबरच्या पिनवर उष्णता सहन करणाऱ्या पिवळ्या टेपचा बारीक तुकडा चिकटवायचा. बंद करण्याचा इशारा त्याच पिनवरून येतो. हात स्थिर असतील तरच करा.

एवढं झाल्यावर लॅपटॉपचा भाग संपतो. आता तुमचा दुसरा बिघाड.

तुमचं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, तेही ‘८०२.११जी’ या जुन्या पद्धतीने. ५ गिगाहर्ट्झ त्याला दिसूच शकत नाही, जगातला कुठलाही ड्रायव्हर घातलात तरी. हल्ली फायबरवाले जो डबा बसवून जातात त्यात दोन्ही बँड असतात, पण काही वेळा २.४ बंद करून ठेवलेला असतो, किंवा दोन्हींना एकच नाव देऊन कुणाला कुठे पाठवायचं ते डबाच ठरवतो. मोबाइल ५ वर बसतो आणि तुम्हाला वाटतं नेटवर्क तर आहे, लॅपटॉपच आंधळा. राउटरच्या पानावर जाऊन २.४ चालू करा आणि त्याला वेगळं नाव द्या.

दुसरी शक्यता सुरक्षेची. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर असेल तर हे कार्ड अडू शकतं. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जाऊ शकतो. मिश्र पद्धतीत बरीच जुनी कार्डं चालतात, काही अडून बसतात. सगळ्या घराचं नेटवर्क एका जुन्या लॅपटॉपसाठी खाली आणायचं कारण नाही. राउटरवर गेस्ट नेटवर्क करा, फक्त २.४, डब्ल्यूपीए२, आणि लॅपटॉप त्यावर ठेवा. गेस्टवरून घरचा प्रिंटर बहुधा दिसणार नाही, तेवढं सोसा.

तिसरी, सगळ्यात हुलकावणी देणारी गोष्ट म्हणजे चॅनेल. भारतात २.४ च्या पट्ट्यात १ ते १३ चॅनेल वापरता येतात. पण अनेक जुन्या कार्डांत अमेरिकेचा नियम कोरलेला असतो, जिथे ११ पर्यंतच गाडी जाते. राउटर ‘ऑटो’वर असताना त्याने १२ किंवा १३ धरला की लॅपटॉपच्या दृष्टीने नेटवर्क नाहीच. संध्याकाळी राउटर बंद-चालू झाला, त्याने ६ धरला, की नेटवर्क परत आलं. अशा वेळी माणूस स्वतःच्या शेवटच्या कमांडला श्रेय देतो आणि ती लिहून ठेवतो. आयडब्ल्यू रेग गेट दिल्यावर कुठल्या देशाचा नियम चालू आहे ते कळतं. सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन ने (इथे ‘आयएन’ मात्र मोठ्या अक्षरांत) तो बदलायचा प्रयत्न करता येतो, पण कार्डातच कोरलेलं असेल तर ते ऐकत नाही. राउटरला १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर कायम बसवणं हा खात्रीचा मार्ग.

या तिघांपैकी कुठला ते ठरवायला एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट द्या. प्रत्येक नेटवर्कसमोर चॅनेल, सिग्नल आणि सुरक्षा दिसते. खारघरच्या किंवा घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये ही यादी पडद्याबाहेर जाते. वरचे, खालचे, समोरच्या विंगचे, सगळ्यांचे डबे. चॅनेलच्या रकान्यात ६, ६, ६, ६ असं दिसलं तर तुम्ही १ किंवा ११ घ्या, आणि चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा. कागदावर वेग कमी होतो, पण गर्दीत प्रत्यक्षात तोच जास्त टिकतो. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत गर्दी कमी असते. तिथे भिंती त्रास देतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर ओलांडून आतल्या खोलीत पोहोचेपर्यंत सिग्नल दमतो. राउटर टीव्हीच्या मागून काढून दाराच्या रेषेत उंच ठेवा. माझ्या अनुभवात याचा फरक कुठल्याही ड्रायव्हरच्या सेटिंगपेक्षा मोठा पडतो.

दुहेरी बँडचं जुनं कार्ड असेल त्यांनी ५ वर ३६ ते ४८ मधलं चॅनेल ठेवावं. आपल्याकडे १०० च्या पुढची मधली चॅनेलं २०१८ मध्ये खुली झाली. त्याआधीच्या कार्डांचा त्यांच्याशी परिचय असेलच असं नाही.

जोडलं गेलंय, पण दर थोड्या वेळाने अडखळतंय, पान उघडायला पहिल्यांदा उशीर आणि मग सुरळीत, असं असेल तर बहुतेकदा वीज वाचवण्याची सोय आड येते. मिंट आणि उबुंटूत /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी (नेटवर्कमॅनेजरमधले एन आणि एम मोठे) मध्ये ‘डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ नावाची फाइल असते; तीत वायफाय.पॉवरसेव्ह = ३ आहे तिथे २ करा.

वेगाची अपेक्षा आधीच बांधून घ्या. जी पद्धतीत कागदावर ५४ एमबीपीएस, हातात त्याच्या निम्म्याहूनही कमी, साधारण वीस. तुमचं फायबर शंभरचं असो की तीनशेचं. शाळेच्या व्हिडिओला वीस भरपूर आहे, ७२०पी सहज चालतो. अडखळलाच तर त्या वयाचा प्रोसेसर अडखळेल, वायफाय नव्हे.

याउपर कार्ड बदलायचंच असेल तर ते यूएसबी डोंगलपेक्षा चांगलं. डोंगलच्या खोक्यावर चिपचं नाव नसतं, आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगळी चिप असते. टीपी-लिंकचं डब्ल्यूएन७२२एन याचं प्रसिद्ध उदाहरण: पहिल्या आवृत्तीत एथेरॉस, लिनक्सवर लावा आणि विसरा, दुसरीपासून रिअलटेक. काही डोंगल तर लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, आत विंडोजचा ड्रायव्हर घेऊन. फाइल मॅनेजरमध्ये ती ‘सीडी’ इजेक्ट केली की मग वायफाय जागं होतं.

लॅपटॉपच्या आतलं कार्ड काहीशे रुपयांत वापरलेलं मिळतं, लॅमिंग्टन रोडला विचारा किंवा ऑनलाइन मागवा. एथेरॉसचं एआर९४६२ घ्या. दोन्ही बँड चालतात आणि एथ९के वर विनातक्रार. डेलला सहसा कुठलंही कार्ड चालतं. एचपी आणि जुन्या थिंकपॅडवाल्यांनी मात्र आधी चौकशी करावी. त्यांच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते, आणि बाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच व्हायला नकार देतं. थिंकपॅडवर १८०२, एचपीवर १०४ असा आकडा पडद्यावर येतो. अशांनी त्याच कंपनीच्या भाग-क्रमांकाचं कार्ड शोधायचं.

बदलताना बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढा. तळाचं झाकण उघडलं की कार्डावर दोन बारीक वायरी टिचकी बसवल्यासारख्या दिसतील. पांढरी पांढऱ्या त्रिकोणावर, काळी काळ्यावर. सरळ वर उचलायच्या, ओढायच्या नाहीत. तुमच्या मशीनमध्ये पूर्ण लांबीचं कार्ड असेल आणि नवं अर्ध्या लांबीचं आलं तर पत्र्याचा जोडतुकडा लागेल, तो सोबतच मागवा. आणि नवं कार्ड विकत घेण्याआधी जुनंच एकदा काढून, सोनेरी पट्ट्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून परत बसवून बघा. खाडीच्या काठची आपली हवा, त्यात पावसाळे. एलएसपीसीआयमध्ये अजिबात न दिसणारं कार्ड नुसतं पुसून परत दिसायला लागलेलं मी पाहिलंय. तुमचं कार्ड दिसतंय, म्हणून तुम्हाला याची गरज पडणार नाही.

हे सगळं करूनही अडलात तर मला तीन गोष्टी पाठवा: एलएसपीसीआय -एनएनके मधला नेटवर्क कंट्रोलरचा भाग, आरएफकिल लिस्ट, आणि डीमेसेजमधल्या बी४३ च्या ओळी. मोबाइलने पडद्याचा फोटो काढलात तरी चालेल, फक्त ओळींची उजवी बाजू कापू नका. एररचा आकडा तिथेच असतो.